उजेडाची बाटली

"खोटं बोला हवं तर, मॅडम," निशा म्हणाली. "तुमचं खोटं त्यांना चालंल. आमचं खरं चालत नाय."

शोभा मोडक बेसिनपाशी काचेच्या बाटल्या धूत होत्या. त्यांनी नळ बंद केला, पण वळून पाहिलं नाही. हातातली बाटली उजेडाकडे धरून त्या तिच्यातला एक न दिसणारा डाग शोधत राहिल्या.

कॉलेजच्या मागच्या अंगाची ही खोली. एक सूक्ष्मदर्शक, एक जुना फ्रीज, रसायनांचं कपाट आणि दोन खुर्च्या. समुद्राच्या पाण्यातले डोळ्याला न दिसणारे जीव आणि त्या जिवांच्या जोरावर पाणी किती अन्न तयार करतं, हा शोभाबाईंचा विषय. नोकरीची जवळजवळ सगळी वर्षं त्यांनी याच खोलीत काढली होती. पनवेलमध्ये त्यांना कुणी शास्त्रज्ञ म्हणत नसे. 'त्या नाही का, खाडीचं पाणी आणतात, त्या बाई,' एवढीच त्यांची ओळख. येत्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या आणि ही खोली कॉलेजला झेरॉक्स मशीन ठेवायला हवी होती.

निशा ही महादेव घरतांची सून. रोडपालीच्या मागे, खाडीच्या कडेला त्यांचं घर. महादेवदादांच्याच होडीतून शोभाबाई इतकी वर्षं पाणी आणायला जात होत्या.

"बस ना," शोभाबाई म्हणाल्या.

"बसत नाय. टोपली बाहेर ठेवलीय, मांजर बसलंय टपून." तरी निशा खुर्चीच्या कडेला टेकली. "शुक्रवार शेवटचा दिवस हाय, मॅडम. धक्क्यावरून रस्ता जानार. ज्याची होडी जमा, त्याच्या घराला नव्या मार्केटात एक गाळा. वर पत्रा, खाली नळ, बर्फाला पेटी. सगल्यांनी दिल्या होड्या. आमच्या अनंताकाकानं तर पहिल्या दिवशी दिली, वर फोटो काढला. एकटे आमचे बाबा. का, तर डाक्टरबाय बोललीय खाडी परत भरनार."

"तसं म्हणतात ते?"

"तेच म्हनतात. सकाळ-संध्याकाळ. मी रस्त्याच्या कडंला बसते, मॅडम. गुडघ्याएवढ्या गटाराच्या बाजूला. गाडीनं आलेला मासा इकते. गुजरातचा, कुठला कुठला. पोलिस आला की टोपली उचलायची आनि पलायचं. परवा पापलेटं पडली खाली, त्यावरून रिक्षा गेली." ती थांबली. मग एकदम हसली. "आनि घरी काय, तर आगऱ्याच्या घरातला म्हातारा ओट्यावर बसून वरन-भात खातो. लोकं विचारतात, सासऱ्यानं माळ घातली काय गं?"

शोभाबाईंना हा नवस माहीत होता. खाडीतला जिताडा स्वतःच्या हातानं पकडून घरात शिजेपर्यंत मासा खायचा नाही, असं महादेवदादा एकवीरा आईला बोलले होते. त्याला आता बरीच वर्षं झाली होती.

"तुमी फक्त एवढंच सांगा," निशा म्हणाली, "की खाडी संपली. आता काय व्हनार नाय. तुमी सांगितलं की ते देतील होडी. पाप लागलं तर माझ्या माथी."

शोभाबाईंनी बाटली पालथी घालून ठेवली. निशा जे खोटं मागत होती, ते खोटं नव्हतं. मंगळवारपासून त्यांना ते ठाऊक होतं.

"मी बोलते त्यांच्याशी," त्या म्हणाल्या.

निशा उठली. दारात तिनं मागे वळून पाहिलं. बाई इतक्या लवकर कबूल होतील असं तिला वाटलं नव्हतं, आणि त्यामुळे ती जरा घाबरल्यासारखीच दिसली.

*

शोभाबाई पहिल्यांदा खाडीवर गेल्या तेव्हा पाणी मेलेलंच होतं. वरच्या कारखान्यांतून काय काय उतरायचं. कधी पिवळं, कधी गुलाबी, कधी नुसताच वास. कुणी होडी द्यायला तयार नव्हतं. वल्ह्याला लागलेलं पाणी अंगावर उडालं की चट्टे उठत. महादेवदादा तेवढे तयार झाले. "तशी बी बांधूनच हाय," ते म्हणाले होते. "बाय मानूस पानी बघायला आलीय, तर दाखवू."

त्यांची पद्धत जुनी आणि सोपी होती. सकाळी खाडीचं पाणी दोन बाटल्यांत भरायचं. एक बाटली साधी काचेची, दुसरी काळ्या कापडानं शिवून टाकलेली. दोन्ही बाटल्या दोरीला बांधून पाण्यात सोडायच्या आणि संध्याकाळी वर काढायच्या. पाण्यातले हिरवे सूक्ष्म जीव उजेड मिळाला की प्राणवायू तयार करतात. काळोखात त्यांना ते जमत नाही. तिथे सगळेच नुसते श्वास घेतात. दोन बाटल्यांतला फरक म्हणजे त्या पाण्याची त्या दिवसाची कमाई. महादेवदादांनी त्यांना नावं दिली होती. उजेडाची बाटली आणि काळोखाची बाटली.

संध्याकाळी बाटल्या वर आल्या की शोभाबाई होडीतच त्यात दोन रसायनांचे थेंब टाकत. पाण्यात प्राणवायू असेल तर तळाशी तांबूस तपकिरी गाळ बसतो. नसेल तर पांढरा. पहिली काही वर्षं दोन्ही बाटल्यांत पांढराच बसला. महादेवदादा वाकून बघायचे, "आज बी दहीच," म्हणायचे आणि काठी मारून होडी वळवायचे.

बाटल्यांच्या दिवशी शोभाबाई काही खात नसत. रसायनं हाताला लागलेली असत, ती पोटात जाऊ नयेत म्हणून. महादेवदादा डब्यातली भाकरी पुढे करत. एकदा त्यांनी विचारलं, "उपास हाय काय, बाय?"

"तसंच समजा," बाई म्हणाल्या होत्या. रसायनांचं कोण समजावत बसणार.

महादेवदादांनी ते अगदी तसंच समजून घेतलं.

मग वरच्या अंगाला काही कारखाने बंद पडले, काहींचं पाणी दुसरीकडे वळलं. एका संध्याकाळी, थंडीच्या दिवसांत, उजेडाच्या बाटलीत थेंब पडले आणि तळाशी तांबूस ढग उतरला. शोभाबाईंनी ती डोळ्यांसमोर धरून पाहिली. त्यांनी बाटली महादेवदादांच्या हातात दिली. ते किती तरी वेळ बघत राहिले.

"याचा अर्थ काय, बाय?"

"पाण्यात जीव आला, दादा. अगदी बारीक. डोळ्याला दिसत नाही. पण तो आला की त्याला खाणारे येतात, त्यांना खाणारे येतात. सगळं तिथूनच सुरू होतं. दुधाला विरजण लागतं ना, तसं."

"म्हंजे जिताडा बी येल?"

शोभाबाईंनी त्या वेळी म्हणायला हवं होतं की सांगता येत नाही. आपल्या पेपरात त्यांनी तसंच लिहिलं. होडीत मात्र त्या म्हणाल्या, "येईल. वेळ लागेल, पण येईल."

पुढच्या खेपेला महादेवदादा कॉलेजात आले. पायांतल्या वहाणा बाहेर काढून, हात धुऊन त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. एका थेंबात चाललेली धावपळ बघताना त्यांनी डोळा हलवलाच नाही. मग म्हणाले, "एवढी वस्ती? यांची नावं मतदार यादीत घातली तर आमचा मानूस निवडून येल." त्याच आठवड्यात ते कार्ल्याला जाऊन नवस बोलून आले. "तुमी एवढ्या शिकलेल्या, तुमी खाडीसाठी उपास करता," ते म्हणाले. "माजी तर आई हाय ती."

तेव्हाही शोभाबाईंनी रसायनांचं सांगितलं नाही. देवापुढे जाऊन आलेल्या माणसाला काय सांगायचं.

त्यानंतर प्रत्येक वर्षी गाळ जास्त तांबडा होत गेला. आकडे चढत गेले. कमाई दुप्पट झाली, आणखी वाढली. पाणी हिरवं दिसू लागलं. पावसाळ्यानंतर भरतीबरोबर बोईटांची, कोळंबीची, कधी जिताड्याचीही पिल्लं आत येत. महादेवदादा फोन करून सांगत, "बाय, पिल्लं आयली." दिवाळी सरली की पिल्लं दिसेनाशी होत. मोठा मासा एकही नाही. दरवर्षी महादेवदादा विचारत आणि दरवर्षी शोभाबाई आकडे बघून सांगत, "पाणी सुधारतंय, दादा. जीव वाढतोय."

हे खरंच होतं. जीव वाढत होता.

प्राची ही शोभाबाईंची शेवटची विद्यार्थिनी. खारघरहून स्कूटीवर येणारी, भराभरा बोलणारी मुलगी. तिनं पुण्याच्या एका संस्थेकडून एक यंत्र मागून आणलं. पाण्यात सोडलं की आपोआप, दिवस-रात्र प्राणवायू मोजत राहणारं. महादेवदादांनी ते खाडीतल्या आपल्या खुंटाला बांधून दिलं. आठवड्यानं प्राचीनं ते काढलं, कॉम्प्युटरला जोडलं आणि मंगळवारी पडदा शोभाबाईंकडे वळवला.

रेघ दुपारी डोंगरासारखी चढत होती. सूर्य मावळला की उतरायला लागत होती. आणि रोज, पहाट व्हायच्या आधी, ती तळाला टेकत होती. तिथे ती सूर्य उगवेपर्यंत आडवी पडून राहत होती.

प्राची आधी उत्साहानं बोलत होती. "मॅडम, हे तर अगदी पुस्तकातलं चित्र आहे. सांडपाण्याचं खत मिळतंय, म्हणून हे हिरवे जीव आणि बॅक्टेरिया बेसुमार वाढलेत. दिवसा ऑक्सिजन बनवतात, रात्री सगळे मिळून तोच ओढून संपवतात. पिल्लं येतात आणि पहाटे गुदमरतात. म्हणून मोठा मासा—" मग ती थांबली. तिच्या लक्षात आलं. "मॅडम, तुमची सगळी रीडिंग दिवसाची आहेत का?"

"हो," शोभाबाई म्हणाल्या.

"पण काळोखाची बाटली होती ना?"

"ती दिवसा सोडलेली. कापडातली."

रात्री खाडीवर जायला परवानगी नव्हती, बरोबर यायला कुणी नव्हतं, आणि पद्धतीत तसं लिहिलेलंही नव्हतं. ही कारणं त्या देऊ शकल्या असत्या. दिली नाहीत. रात्री पाण्याचं काय होतं हे त्या दरवर्षी वर्गात शिकवत होत्या. फळ्यावर हीच रेघ काढून दाखवत होत्या. फक्त ती रेघ आपल्या खाडीची असेल, असं त्यांनी कधी मनात येऊ दिलं नव्हतं.

"मॅडम, पेपर मस्त होईल," प्राची हळू आवाजात म्हणाली. ती वाईट मुलगी नव्हती.

*

गुरुवारी पहाटे भरती होती. शोभाबाईंनी आदल्या दिवशी महादेवदादांना फोन करून सांगितलं की उजाडायच्या आत एकदा पाणी काढायचंय.

"एवढ्या फाटे? नवीनच आयडिया."

"हो. नवीनच."

मासेमारी सुटल्यापासून महादेवदादांनाही पहाटे खाडीवर जायचं कारण उरलं नव्हतं. तरी शोभाबाई रिक्षातून उतरल्या तेव्हा ते होडी सोडून तयार होते. होडीच्या नाळेला, पुढच्या टोकाला, झेंडूची माळ होती. धक्क्यावर दुसरी एकही होडी नव्हती. रिकामे खुंट तेवढे चिखलात उभे होते.

"निशी आलेली नं तुमच्याकडं?" त्यांनी काठी मारता मारता विचारलं.

"आली होती."

"मला म्हाईत हाय. टोपलीला कॉलेजाच्या मांजराचं केस लागलेलं." ते हसले. "बोलली आसंल, म्हाताऱ्याला समजवा. चांगली हाय पोरगी. माज्या पोराला, हरेशला, तिनंच मानसांत आनला. पन तिला गाळा पायजे. आता तुमीच सांगा, उद्या खाडी भरली तर मी जाऊ कशात? गाळ्यात बसून?"

शोभाबाई पाण्याकडे बघत होत्या. पाणी जड होतं. काठी पडली तरी आवाज नीट होत नव्हता. पलीकडे हायवेचे दिवे, त्यापलीकडे कसल्यातरी नव्या टॉवरवरचा लाल दिवा.

"दोन वर्सं," महादेवदादा म्हणाले. "माज्या अंदाजानं दोन वर्सं. तुमी मागल्या साली बोललाव, पानी आनि सुधारलं. मग आता किती राहिलं? मी हरेशला बोललो, जाळं फेकू नको. उंदरानं कुरतडलं तर मी शिवतो. बसून बसून दुसरं काय करतंय मी."

खुंटापाशी होडी थांबली. पूर्वेला अजून रंग नव्हता, नुसता काळोख विरळ झाला होता. शोभाबाईंनी बाटली पाण्याखाली धरली, बुडबुडा राहू दिला नाही, बूच लावलं.

"एकच?" महादेवदादांनी विचारलं. "काळोखाची कुठं हाय?"

"आज एकच."

पाण्यावर काहीतरी हललं. आधी पाऊस पडतोय असं वाटावं तसे बारीक बारीक ठिपके. मग दिसलं. बोटाएवढी बोईटं, शेकड्यांनी, तोंडं पाण्याबाहेर काढून. एकाच जागी. होडी अगदी जवळ गेली तरी ती पळाली नाहीत.

"ती बघा," महादेवदादांचा आवाज एकदम मऊ झाला. "बोललो नव्हतो? पिल्लं आयली. बघा, किती. खेळतायत."

शोभाबाईंनी बाटलीचं बूच काढलं. पहिल्या रसायनाचे थेंब टाकले. दुसऱ्याचे टाकले. बूच लावून बाटली उलटी-सुलटी केली आणि फळीवर ठेवली. महादेवदादा काठी आडवी टाकून वाकले. इतक्या वर्षांची सवय.

गाळ सावकाश खाली उतरला. पांढरा.

ते थोडा वेळ थांबले. कदाचित अजून रंग बदलेल, असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांनी बाटली उचलून उगवतीकडे धरली, फिरवली, परत ठेवली.

"औशद जुनं झालं आसंल, बाय."

"नाही, दादा. नवं आहे. कालच केलंय."

"मग?"

त्यांनी सांगितलं. वर्गात सांगतात तसं नाही. हे बारीक जीव फार झालेत, एवढंच सांगितलं. शहरातलं घाण पाणी खाऊन वाढलेत. दिवसा ऊन असतं तोवर भरपूर हवा तयार करतात, म्हणून संध्याकाळी आपली बाटली तांबडी यायची. रात्री तेच सगळी हवा ओढून घेतात. पहाटेला काही उरत नाही. ही पिल्लं खेळत नाहीयेत. वरच्या थरात जरा काही मिळतं का, म्हणून तोंड वर काढतायत.

महादेवदादांनी पाण्याकडे पाहिलं. काही पिल्लं आता आडवी झाली होती. त्यांची पोटं चमकत होती.

"रोज आसंच?"

"रोज."

"आनि दर साली?"

"बहुतेक दर साली."

"तुमी त्या दिवशी बोललाव, जीव आला."

"आला होता."

"आनि मागनं मी दर साली इचारायचो."

"तेव्हा वाढत होता. तेच सांगितलं मी. रात्रीचं कधी पाहिलंच नाही."

महादेवदादा उकिडवे बसले होते. त्यांनी कानावरची बिडी काढली, बोटांत फिरवली, परत कानावर ठेवली. रागावतील असं शोभाबाईंना वाटत होतं. त्यांनी रागवावं, अशी जवळजवळ इच्छाच होती त्यांची.

"आमी तरी कुठं बघितलं," ते शेवटी म्हणाले. "आमी तर इथंच झोपलेले."

"दादा, मी येईल म्हणाले होते. म्हणायला नको होतं."

"मग हे थांबल कसं? काय केलं की थांबल?"

"वरून येणारं घाण पाणी थांबलं तर."

"ते थांबल?"

रोडपाली, कळंबोली, खारघर, वर तळोज्याकडे रोज उठणारी नवी घरं. प्रत्येक घराच्या मोरीचं पाणी. शोभाबाईंच्या स्वतःच्या मोरीचंसुद्धा. त्यांनी नकारार्थी मान हलवली. या वेळी त्या येईल म्हणाल्या नाहीत, होईलही म्हणाल्या नाहीत.

"निशीनं सांगितलं तुमाला हे बोलायला?" महादेवदादांनी एकाएकी विचारलं. त्या प्रश्नात आशा होती. हो म्हटलं असतं तर हा माणूस घरी जाऊन सुनेशी भांडला असता, होडी ठेवली असती आणि पुढच्या वर्षीही फोन केला असता, बाय, पिल्लं आयली.

"सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "ती म्हणाली, खोटं बोला. पण हे खोटं नाही, दादा. तुम्ही बघितलंत ना. म्हणून तुम्हाला घेऊन आले."

महादेवदादांनी हात लांब करून एक आडवं पिल्लू तळहातावर घेतलं. ते जरासं वळवळलं. त्यांनी ते परत पाण्यात सोडलं, मग सोडून काय उपयोग हे लक्षात येऊन हात तसाच पाण्यात राहू दिला.

सूर्य वर आला. पाणी नेहमीसारखं हिरवंगार दिसायला लागलं. कुणी पाहिलं असतं तर सुंदर म्हणालं असतं. धक्क्यावर उतरताना महादेवदादांनी सवयीनं भाकरीचा डबा पुढे केला.

शोभाबाईंनी हात पदराला पुसले. हाताला रसायन होतं. त्यांनी एक तुकडा मोडला आणि तोंडात घातला. उपास मोडलेला महादेवदादांनी पाहिला आणि डबा तसाच धरून ठेवला.

*

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत होडी पलीकडे जमा करायची होती. पलीकडच्या काठाला एक पिवळं मशीन उभं होतं. आधीच्या होड्यांच्या फळ्यांचा ढीग त्याच्या बाजूला पडला होता. एक मुकादम छत्रीखाली खुर्ची टाकून बसला होता.

शोभाबाई येणार नव्हत्या. सकाळची पोथी वाचून झाली, पण मन लागलं नाही. तेच पान त्यांनी दोनदा वाचलं. मग रिक्षा करून त्या धक्क्यावर आल्या.

महादेवदादा गुडघाभर चिखलात उभे राहून होडी घासत होते. नारळाच्या काथ्यानं, आतून-बाहेरून. नाळेवरची झेंडूची माळ काढून त्यांनी बाजूच्या दगडावर ठेवली होती.

"तोडायचीच हाय ती, काका," पलीकडून मुकादम ओरडला. "धुता कशाला? टाइम जातोय."

"तुजी बायको म्हायेरी धाडतूस तवा न्हाऊ घालून धाडतूस का नाय?"

मुकादम हसला. "मी न्हाऊ घालत नाय, बाबा. तिची तीच न्हाते."

"हिला हात नाय," महादेवदादा म्हणाले आणि घासत राहिले.

निशा काठावर बसली होती. गाळा मिळाल्याचा तिच्या चेहऱ्यावर काही आनंद नव्हता. शोभाबाईंना बघून तिनं जागा करून दिली. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "खोटं लई चांगलं बोललाव, मॅडम. रात्रभर झोपले नायत ते."

शोभाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. ते खोटं नव्हतं, हे सांगावं असं वाटलं. मग वाटलं, हिनं उद्यापासून गाळ्यात बसायचं आहे, माशावर पाणी मारत. हिला ओझं कशाला.

"बाबा," निशानं हाक मारली, "आता तरी नवस सोडा. होडीच नाय तर जिताडा कशानं पकडाल? आईला नारळ देऊ, माफी मागू. रविवारी कालवन करते. गाळ्याचा पहिला मासा."

महादेवदादांनी काथ्या पिळला. "तुमी खा. हरेशला घाल."

"आनि तुमी?"

"नवस मी बोललेला. खाडी नाय बोललेली."

"म्हंजे मरंपरयंत वरन-भात?"

"वाईट नाय लागत," ते म्हणाले. "जरा लसून जास्ती टाकत जा."

शोभाबाई खाली मान घालून बसल्या होत्या. एका संध्याकाळी होडीत त्या 'येईल' हा एक शब्द बोलल्या होत्या, आणि आता कुणाच्याच हातात तो सोडवणं उरलं नव्हतं. देवाला दिलेला शब्द परत घ्यायची रीत असते, नारळ असतो, ओटी असते. खाडीच्या वतीनं दिलेला शब्द परत घ्यायला कुठे जायचं, ते त्यांच्या पोथीतही नव्हतं.

महादेवदादांनी ओंजळीनं खाडीचं पाणी होडीवर मारलं. फळीवर हिरवट काळा ओघळ उतरला. त्यांनी तो पुसला, पुन्हा पाणी मारलं. पुन्हा ओघळ. ते थांबले. आपल्या ओंजळीकडे बघत राहिले, मग ओंजळ उघडली.

निशा उठली. घराकडे गेली. परत आली तेव्हा तिच्या डोक्यावर नळाच्या पाण्याचा हंडा होता आणि कमरेवर कळशी. पाड्यात पाणी दिवसाआड येतं. ते आजचं सगळं पाणी असावं. ती साडी वर खोचून चिखलात उतरली, हंडा होडीच्या काठावर टेकवला आणि म्हणाली, "व्हा बाजूला. नाळेपासून ओतते."

महादेवदादा बाजूला झाले.

गोडं पाणी नाळेवरून सावकाश खाली आलं. जिथून गेलं तिथलं जुनं लाकूड गडद झालं, त्याची रेषारेषांची नक्षी वर आली, आणि तळाशी फिकट अक्षरांत रंगवलेलं होडीचं नाव क्षणभर वाचता येईल इतकं स्पष्ट झालं. पलीकडे मशीन सुरू झालं होतं. महादेवदादा हातानं लाकूड पुसत होते, एकेक फळी, आणि निशा पाणी ओतत होती, थोडं थोडं, पुरवून.